वडिलांच्या नावाचे पारितोषिक आणि तेहतीस वर्षांचे व्याज : विद्यापीठाला कायमनिधी देताना काय लिहून घ्यावे?

नौपाडकर

नमस्कार. धागा काढण्याचे निमित्त घरगुती आहे. पण हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी येणारा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील ठाण्यातील एका शाळेत गणित शिकवत असत. १९९१ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी आईने त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतील २५,००० रुपये, ते ज्या महाविद्यालयात शिकले होते त्या संस्थेकडे कायमनिधी म्हणून सुपूर्द केले. मुद्दलाला हात लावू नये आणि व्याजातून पदवी परीक्षेत गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी पारितोषिक द्यावे, असे ठरले होते. त्या काळी बँकेच्या ठेवीवर बारा टक्क्यांच्या घरात व्याज मिळत असे, म्हणजे वर्षाला साधारण ३,००० रुपये. पहिल्या वर्षीचा विजेता मुलगा पेढे घेऊन आमच्या घरी आला होता. त्या पैशांतून एम.एस्सी.ची सगळी पुस्तके घेतली, असे त्याने आईला सांगितले, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नव्हती.

गेल्या वर्षी आई गेली. तिची कागदपत्रे आवरताना संस्थेची पावती हाती लागली आणि मी चौकशीला गेले. संस्थेचे नाव येथे लिहीत नाही, कारण तेथील माणसांनी मला सभ्यपणे वागवले आणि हा दोष एकाच संस्थेचा आहे असे मला वाटत नाही. पारितोषिक आजही दिले जाते. प्रमाणपत्र आणि ५०१ रुपये. उरलेल्या व्याजाचे काय होते, हे कोणालाच सांगता येईना. ताळेबंदात आईच्या निधीचे नाव नाही. ‘निर्धारित निधी’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यात अशा किती जणांच्या आठवणी एकत्र झाल्या आहेत, ते कळायला मार्ग नाही.

मी एकतीस वर्षे बँकेत काढली. घरी येऊन मांडलेला हिशेब असा. आजच्या साडेसहा टक्के दराने २५,००० रुपयांवर वर्षाला १,६२५ रुपये मिळतात. म्हणजे सगळे व्याज प्रामाणिकपणे वाटले असते तरी पारितोषिक १९९२ च्या निम्म्यावर आले असते, आणि त्या निम्म्या रकमेत आज दोन पुस्तकेही धड येत नाहीत. याउलट सरासरी आठ टक्के व्याज धरून त्यातील निम्मे दरवर्षी मुद्दलात मिळवले असते, तर तेहतीस वर्षांत मुद्दल ९१,००० रुपयांच्या आसपास गेले असते. आज त्याचे निम्मे व्याज वाटले तरी सुमारे ३,००० रुपये विद्यार्थ्याच्या हातात पडले असते आणि उरलेले निम्मे पुन्हा मुद्दलात गेले असते. ‘मुद्दलाला हात लावू नये’ ही अट आईने पाळून घेतली, परंतु मुद्दल वाढावे, ही अट आमच्यापैकी कोणालाही सुचली नाही.

आता आईच्या पश्चात आम्ही भावंडे १० लाख रुपये एका सार्वजनिक विद्यापीठाला तिच्या नावाने देण्याचा विचार करीत आहोत. धाकट्या भावाला अध्यासन, म्हणजे तिच्या नावाचे प्राध्यापकपद हवे आहे, मला शिष्यवृत्ती योग्य वाटते. विद्यापीठे असे निधी प्रत्यक्षात कसे सांभाळतात आणि दानपत्रात काय लिहून घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

लेखापाल_नेरुळ

ताई, मी शैक्षणिक संस्थांचे लेखापरीक्षण करतो. आपण ज्यांना एका दमात ‘महाविद्यालय’ आणि ‘विद्यापीठ’ म्हणालात, त्या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आईंनी पैसे दिले ती संस्था बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असणार. तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम ३५ मध्ये न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा हे सांगितलेले आहे आणि त्याचा सारा रोख सुरक्षिततेवर आहे. स्थावर मालमत्ता विकायची झाली तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले, उदाहरणार्थ ज्या विषयासाठी पारितोषिक होते तो विषयच बंद झाला, तर त्याच्या जवळात जवळचा हेतू ठरवून घेण्याची वाट कलम ५५ मध्ये आहे. ही वाट विश्वस्तांनी परस्पर बदल करण्यासाठी नाही, हे अनेक विश्वस्तांना ठाऊक नसते.

सार्वजनिक विद्यापीठ मात्र २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चालते. त्या कायद्यात विद्यापीठाने सर्वसाधारण निधी, वेतन निधी, विश्वस्त निधी, विकास व कार्यक्रम निधी आणि आकस्मिकता निधी असे वेगवेगळे निधी ठेवायचे असतात. देणग्या, मृत्युपत्राने आलेल्या रकमा आणि दाननिधी विश्वस्त निधीत जातात. देणगी स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा असतो, पैशांची देखरेख वित्त व लेखा समिती करते, रोजचे काम वित्त व लेखाधिकाऱ्यांच्या हाती असते आणि वार्षिक हिशेब लेखापरीक्षण अहवालासह अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतात. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले प्रतिनिधी असतात. आपण पदवीधर म्हणून नाव नोंदवले असेल, तर आपला प्रश्न विचारणारे माणूस तेथे बसलेले आहे.

आता आयकर. संस्थेला दिलेली रक्कम कायमनिधी म्हणून धरली जावी असे वाटत असेल, तर तसा लेखी निर्देश देणगीदाराकडून असावा लागतो. तो नसेल तर ती साधी देणगी ठरते आणि साध्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्च करण्याचे बंधन तिला लागू होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायमनिधी कायद्यात सांगितलेल्या गुंतवणूक प्रकारांतच आणि त्या निधीसाठी म्हणून स्वतंत्रपणे ठेवावा लागतो. बँकेतील ठेवी, टपाल खाते, सरकारी रोखे, म्युच्युअल फंडाची युनिट्स या प्रकारांत बसतात. कंपन्यांचे समभाग साधारणपणे थेट घेता येत नाहीत. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांची करसवलत निराळ्या तरतुदीखाली येते, तरी लेखी निर्देश तेथेही द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हे सगळे असूनही आपल्या आईंचे पारितोषिक ५०१ वर आले, कारण यातील एकही नियम महागाईबद्दल बोलत नाही. लेखापरीक्षक म्हणून मी २५,००० ची ठेव २५,००० आहे ना, एवढे पाहतो आणि सही करतो. ती सही करताना मला आता बरे वाटत नाही.

कोपरी_पूर्व

मी एका शैक्षणिक कार्यालयात लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झाले. ताई, तुमच्या पारितोषिकाचे काय झाले असेल, ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगू शकते.

आमच्याकडे पारितोषिकांची एक लांब खतावणी होती, लाल कापडी पाठीची. सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक निधीला स्वतंत्र पान होते : देणगीदाराचे नाव, अट, ठेवीचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख. ठेवपावतीची झेरॉक्स टाचणीने लावलेली असे आणि टाचणीच्या गंजाचा तपकिरी ठसा पानावर उमटलेला असे. एका वर्षी बँकेची शाखा हलली आणि साहेबांनी सांगितले की एवढ्या लहान लहान ठेवींचे नूतनीकरण करत बसण्यापेक्षा सगळ्या मोडून एकच मोठी ठेव करा, दरही थोडा बरा मिळेल. त्यात गैर काहीच नव्हते. आम्ही चौदा ठेवी एकत्र केल्या. परंतु एकत्र केल्यावर कोणाचा हिस्सा किती, हा तक्ता करायचा राहून गेला. पुढची दोन-तीन वर्षे तो आमच्या डोक्यात होता, मग आमच्या बदल्या झाल्या. पुढे खतावणी जाऊन संगणक आला, तेव्हा संगणकात चौदा नावांऐवजी एकच नाव गेले.

पारितोषिकाची रक्कम ठरवण्याचे काम तर आणखी वेगळ्या माणसाकडे होते. वितरण समारंभाच्या आदल्या आठवड्यात पाकिटे भरली जात. कोणत्या निधीचे किती व्याज झाले हे पाहायला वेळ नसे, म्हणून मागच्या वर्षी जेवढे दिले तेवढेच यंदा. कोणी पैसे खाल्ले नाहीत. व्याज साठत राहिले आणि साठलेले व्याज वर्षअखेर संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात वळते झाले, कारण ते कोणाचे हे सांगणारे पान उरलेले नव्हते.

तुम्ही मूळ फाइल मागा. पावती नव्हे, फाइल. देणगीसोबत आलेले पत्र त्यात असते आणि खरी अट त्या पत्रातच असते.

बेलापूरकर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तेव्हापासून ते दानावर उभे राहिलेले आहे. कावसजी जहांगीर यांनी दीक्षान्त सभागृहासाठी १ लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी २ लाख दिले, तोच राजाबाई मनोरा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईच्या शेअर बाजाराबरोबर प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.

त्याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते आणि त्याच्या व्याजातून ‘प्रेमचंद रायचंद’ शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते. तेच पुढे कुलगुरू झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या मोठ्या देणग्या येऊन १९१४ मध्ये तेथील विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. अध्यासनावर भारतीय माणूसच नेमावा, अशी पालितांची अट होती. १९१७ मध्ये त्या अध्यासनावर वित्त खात्यातील सरकारी नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन आले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे व्याज कुठवर पोहोचले, ते पाहा.

आपल्याकडचे दुसरे उदाहरण जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम ठरणाऱ्याला ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, ज्यांच्या नावाने आपल्या ठाणे महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. जुने न्यास आपला पैसा बहुधा साडेतीन टक्क्यांच्या बेमुदत सरकारी रोख्यांत ठेवत, कारण त्याहून सुरक्षित काही नाही अशी सर्वांची खात्री होती. १९४६ मध्ये त्या रोख्यांच्या जागी तीन टक्क्यांचे रूपांतर कर्ज आले. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणरावच होते. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने तो योग्य निर्णय असेल, परंतु ज्यांनी तीन टक्क्यांचे बेमुदत कागद धरून ठेवले, त्यांचे मुद्दल कागदावर शाबूत राहिले आणि किंमत महागाईत विरत गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या कित्येक पदकांना आज सोन्याचा मुलामाही परवडत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

पारसिक

मला थोडे विरोधी मत मांडायचे आहे आणि ते ताईंनी मनाला लावून घेऊ नये.

कायमनिधीच हवा, असा आग्रह कशासाठी? १० लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर ७०,००० रुपये मिळतात. त्यातील निम्मे मुद्दलात टाकले तर उरतात ३५,०००. त्याऐवजी तेच १० लाख वीस वर्षांत संपवायचे ठरवले, तर व्याजासह दरवर्षी ९०,००० रुपयांहून अधिक वाटता येतील. गरीब घरातल्या दोन मुलींचा वसतिगृहाचा खर्च त्यात भागू शकेल. मुंब्रा-दिव्याहून रोज लोकलला लटकत येणाऱ्या मुलामुलींना मदत आज हवी आहे. पन्नास वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी पन्नास वर्षांनंतरची माणसे असतील.

शिवाय कायम अट ही कायम भांडणाला निमंत्रण असते. प्रिन्स्टन विद्यापीठाला १९६१ मध्ये रॉबर्टसन दांपत्याने ३.५ कोटी डॉलरचे समभाग दिले होते; विद्यार्थ्यांना सरकारी सेवेसाठी तयार करावे, असा हेतू होता. विद्यापीठ तो पैसा भलतीकडे वळवते, असे म्हणून २००२ मध्ये मुलांनी दावा लावला. २००८ मध्ये तडजोड झाली तेव्हा वकिलांच्या खर्चापोटी आणि नव्या न्यासासाठी मिळून सुमारे ९ कोटी डॉलर मोजावे लागले. एवढे नामांकित विद्यापीठ, एवढे निष्णात वकील, आणि तरीही ‘हेतू’ या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना वेगळा दिसला.

वाशीखाडी

पारसिक यांचा मुद्दा वजनदार आहे. तरी प्रिन्स्टनच्या खटल्यातून मी वेगळा अर्थ काढतो : हेतू मोघम असला की वाद होतो, आणि हिशेब दरवर्षी दाखवला गेला नाही की तो वाद चाळीस वर्षे साठतो.

कोपरीच्या ताईंनी सांगितलेल्या चौदा ठेवी एकत्र करण्यात चूक नाही. जगातली मोठी विद्यापीठे तेच करतात. हार्वर्डचा निधी म्हणजे सुमारे १४,६०० वेगवेगळे निधी आहेत. २०२४ च्या आर्थिक वर्षाअखेर त्यांची एकत्रित किंमत ५३.२ अब्ज डॉलर होती. गुंतवणूक एकत्र होते, परंतु म्युच्युअल फंडात आपल्याला जशी युनिट्स मिळतात तशी प्रत्येक निधीला मिळतात. त्यामुळे १९२० सालच्या एखाद्या लहानशा शिष्यवृत्तीचा आजचा हिस्सा किती, हे केव्हाही सांगता येते. आपल्या संस्थांना हार्वर्डचा पैसा नको, तो तक्ता हवा. चौदा निधींचा तक्ता संगणकावर एका दुपारचे काम आहे.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट खर्चाच्या नियमाची. येल विद्यापीठाचा निधी डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ पासून २०२१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळला. त्यांच्या गुंतवणुकीची चर्चा सगळीकडे होते, खर्चाच्या नियमाची कमी होते. त्या नियमात यंदा किती खर्च करायचा हे ठरवताना मागील वर्षीच्या खर्चाला महागाईचा हिशेब लावून ८० टक्के वजन देतात, आणि निधीच्या किमतीवर ठरलेल्या दीर्घकालीन दराने, म्हणजे ५.२५ टक्क्यांनी, येणाऱ्या रकमेला २० टक्के वजन देतात. त्यामुळे बाजार एका वर्षी चढला म्हणून उधळपट्टी होत नाही आणि पडला म्हणून विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती एकदम तुटत नाही. पडण्याचे भय खोटे नाही : २००८-०९ मध्ये हार्वर्डला निधीच्या गुंतवणुकीत सुमारे २७ टक्के तोटा झाला आणि तेथे बांधकामे थांबवावी लागली.

आपल्याकडे ठेवींवर चालणाऱ्या निधीला एवढे गणित नको. महागाई सहा टक्के धरली तर बहात्तरच्या नियमाने (७२ भागिले महागाईचा दर) बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते, एवढेच दानपत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असावे.

लेखापाल_नेरुळ

अध्यासनाबद्दल ताईंच्या भावाला एक आकडा सांगतो. सातव्या वेतन आयोगानुसार प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच महिना १,४४,२०० रुपये आहे. १० लाखांचे वर्षाचे व्याज ७०,००० रुपये, म्हणजे अर्ध्या महिन्याचे मूळ वेतनही नाही. अशा रकमेतून अध्यासनाला फक्त नाव लागते. वर्षातून एक व्याख्यान होते आणि काही वर्षांनी तेही थांबते. शिष्यवृत्तीच योग्य.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एखाद्या कंपनीकडून सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून यात भर घालता येईल का, असे मला काही जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारले. जानेवारी २०२१ पासून अशा खर्चात कायमनिधीला दिलेली रक्कम धरली जात नाही. कंपनी यंदाची शिष्यवृत्ती देऊ शकते, मुद्दल देऊ शकत नाही. म्हणून मुद्दल उभे करण्याचे काम आता मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्या घरांवर आणि माजी विद्यार्थ्यांवर आले आहे. २०२३ मध्ये नंदन निलेकणी यांनी पवईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले, त्याची मोठी बातमी झाली. साध्या विद्यापीठांच्या विश्वस्त निधीत मात्र पंचवीस आणि पन्नास हजारांच्या ओळी असतात, आणि त्या ओळींकडे कोणी पाहत नाही.

नौपाडकर

सर्वांचे मनापासून आभार. कोपरीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी परवा पुन्हा संस्थेत गेले आणि फाइल मागितली. ती शोधायला दोन तास लागले. शिपायाने माळ्यावरून तीन गठ्ठे उतरवले आणि तिसऱ्यात ती निघाली.

फाइलमध्ये आईचे पत्र आहे. रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत, तिच्या शिक्षकी वळणाच्या अक्षरात. ‘मुद्दल कायम ठेवावे’ हे वाक्य आहे, त्याच्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आहे : पारितोषिक देऊन उरेल ते व्याज याच निधीत मिळवावे, म्हणजे पुढे बक्षीस वाढवता येईल. कोणालाही हे सुचले नाही, असे मी वर लिहिले, ते चूक होते. तिला सुचले होते. संस्थेने तिला दिलेल्या पावतीवर ती ओळ उतरली नाही, आणि पावती तेवढी आमच्या घरी आली.

मी पत्राची प्रत घेतली आणि लेखी अर्ज दिला. उरलेले व्याज सर्वसाधारण खात्यात गेले असल्यास त्या अटीनुसार १९९२ पासूनचा हिशेब करून ते निधीत परत जमा करावे, असे त्यात म्हटले आहे. संस्थेचे लेखापाल म्हणाले की व्याजदर दर वर्षीचे शोधावे लागतील. ते शोधून देण्याचे मी कबूल केले आहे, बँकेतली जुनी परिपत्रके माझ्याकडे आहेत. इतर देणगीदारांची पत्रेही त्याच गठ्ठ्यांत आहेत. त्यांच्या घरच्यांचे पत्ते मिळाले तर त्यांनाही कळवावे, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

पारसिक, तुमच्या मुद्द्यावर आम्ही भावंडे दोन रात्री बोललो. १० लाखांपैकी ४ लाख रुपये दहा वर्षांत वसतिगृहाच्या खर्चासाठी संपवायचे आणि ६ लाख कायम ठेवायचे, असे ठरले आहे. भावाने अध्यासनाचा आग्रह सोडला. कायमनिधीच्या दानपत्राचा मसुदा पुढीलप्रमाणे लिहिला आहे. लेखापाल आणि वाशीखाडी यांनी तो पाहावा.

‘ही रक्कम कायमनिधी म्हणून विश्वस्त निधीत स्वतंत्र नावाने जमा करावी. गुंतवणूक इतर निधींबरोबर एकत्र करण्यास हरकत नाही, परंतु या निधीचा हिस्सा दरवर्षी वेगळा दाखवावा. वर्षाच्या व्याजाचा निम्म्याहून अधिक भाग संस्कृतच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीवर खर्च करू नये. उरलेला भाग त्याच वर्षी मुद्दलात मिळवावा. शिष्यवृत्ती कोणा एका वर्षी दिली गेली नाही, तर ते व्याजही मुद्दलात जावे आणि अन्य कोणत्याही खात्यात वळते करू नये. दर दहा वर्षांनी व्यवस्थापन परिषदेने शिष्यवृत्तीच्या रकमेचा फेरविचार करावा. संस्कृत विषयाचे पदव्युत्तर शिक्षण बंद झाल्यास अन्य भारतीय भाषेच्या विद्यार्थिनीला ती द्यावी. मुद्दल, व्याज, वाटलेली रक्कम आणि विद्यार्थिनीचे वर्ष एवढे दाखवणारा एक पानाचा हिशेब दरवर्षी ३० जूनपर्यंत देणगीदाराच्या कुटुंबास पाठवावा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावा. हे दानपत्र पावतीसोबत जोडलेले राहील.’

शेवटचे वाक्य आईच्या पत्रामुळे आले आहे.

लेखापाल_नेरुळ

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. ‘कुटुंबास’ याऐवजी दोन व्यक्तींची नावे आणि त्यांच्यानंतर कोण, हे लिहा. कुटुंबाला पत्र पाठवायला पत्ता लागतो. आणि व्यवस्थापन परिषदेने देणगी अटींसह स्वीकारल्याच्या ठरावाचा क्रमांक व तारीख हातात पडेपर्यंत धनादेश देऊ नका. पुढे कधी हिशेब आला नाही, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून तीस दिवसांत तो मागता येतो आणि अशा अर्जात ठरावाचा क्रमांक असला की टोलवाटोलवी होत नाही. ४ लाखांचे पत्र संपूर्ण वेगळे करा. एकाच पत्रात दोन्ही आले तर संगणकात पुन्हा एकच ओळ जाईल.

कोपरी_पूर्व

आणि ताई, दानपत्राच्या तीन प्रती करा. एक लेखा विभागात, एक कुलसचिवांच्या कार्यालयात आणि एक ज्या विभागातून शिष्यवृत्ती दिली जाणार त्या विभागप्रमुखांकडे. माणसे बदलतात तेव्हा तिघांपैकी एकाच्या कपाटात तरी ती राहते.

जुन्या संस्थेतील व्याजाचा तक्ता करायला मदत हवी असेल तर मी येईन. नौपाड्याला रिक्षाने दहा मिनिटांत पोहोचते आणि असे तक्ते हाताने करण्याची मला सवय आहे.

नौपाडकर

अवश्य या. रविवारी दुपारी चारनंतर मी घरी आहे. गणिताचे पुढील पारितोषिक वितरण जानेवारीत आहे आणि त्याआधी रक्कम ठरवायची, असे संस्थेच्या लेखापालांनी तोंडी सांगितले आहे. ते लेखी मिळाले की येथे टाकते.